वळवाचे थेंब आणि कॅमेरा : आपापले अनुभव लिहावेत

तांबूस_पालवी
काल संध्याकाळी वेताळ टेकडीवर फिरत असताना वळवाने गाठले. पाऊस थांबल्यावर पिंपळाच्या कोवळ्या पालवीच्या लांब टोकांवर लोंबणारे थेंब फोनमध्ये टिपत होते, तेव्हा 1993 सालचे कोल्हापूरचे आमचे अंगण आठवले. मावशीच्या साखरपुड्यासाठी बाबांनी मित्राकडून याशिकाचा एसएलआर कॅमेरा मागून आणला होता, त्यात 36 फोटोंचा रोल भरला होता, आणि आदल्याच दिवशी असा चैत्रातला पाऊस पडला. कॅमेऱ्याची लेन्स काढून उलटी धरली की ती भिंगाचे काम करते, असे बाबांनी कुठेतरी वाचले होते. मग काय, कपडे वाळत घालायच्या तारेवरचा एकेक थेंब त्यांनी टिपायला घेतला आणि साखरपुड्यासाठी चार फोटो शिल्लक ठेवले! रोल धुऊन आला तेव्हा थेंबांचे 29 फोटो नुसते धूसर निघाले. उरलेल्या तिघांत मात्र थेंबाच्या आत आमचे कौलारू घर उलटे टांगलेले स्पष्ट दिसत होते. आई त्या रोलचा विषय अजूनही काढते. आपणही असे काही केले असेल, तर अवश्य लिहावे.

माळावरचा
29 धूसर निघाले यात बाबांचा काही दोष नाही. थेंब फोटोत त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटावा इतक्या जवळून फोटो काढताना लेन्सचे छिद्र लहान करून एफ/8 ठेवले, तरी जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, आणि आपण नुसता श्वास घेतला तरी शरीर त्याहून अधिक हलते. मी आता फांदी डाव्या हाताच्या चिमटीत धरतो, तोच हात कॅमेऱ्याला टेकवतो, आणि फोकसच्या रिंगला हात न लावता स्वतःच किंचित पुढेमागे झुलत एका दमात दहा-बारा फोटो घेतो. लोक थांबून विचारतात की काका, काही हरवले आहे का.

ओलीपायरी
अळूच्या पानावर कधी प्रयत्न करू नये, एवढेच सांगते. म्हण उगीच पडलेली नाही.

द्राक्षबागाईतदार
आमच्या निफाडकडे चैत्रातल्या थेंबांचे फोटो मीही काढले आहेत, परंतु हौसेने नव्हेत. काढणीला आलेल्या घडात पाणी साचले की मणी तडकतात आणि मग कूज पसरते, म्हणून पाऊस उघडताच ब्लोअर घेऊन ओळीओळीने घडांतले पाणी उडवावे लागते. एका वर्षी पहाटे साडेपाचला पंचनाम्यासाठी म्हणून बॅटरीच्या उजेडात फोटो काढत होतो. त्यातला एक फोटो इतका देखणा आला, की धाकट्या मुलीने तो फोनच्या पडद्यावर लावला. मी तिला तो काढायला लावला. पुढच्या वर्षी पीक चांगले हाती आल्यावर तिने तो पुन्हा लावला, तेव्हा काही बोललो नाही.

तांबूस_पालवी
दादा, आपले वाचल्यावर कालचे फोटो पुन्हा उघडवले नाहीत. यंदा बाग वाचली का?

द्राक्षबागाईतदार
यंदा पाऊस येण्याआधी माल निघाला होता, ताई. आपण फोटो खुशाल काढा.

खडूफळा
मी शाळेत विज्ञान शिकवते. मुले चित्रात थेंबाला वर शेंडी काढतात. पडणारा थेंब तसा मुळीच नसतो. लहान थेंब जवळजवळ गोल असतो, मोठा खालून चपटा होत जातो, आणि पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे सहसा फुटतो. हे कॅमेऱ्यात पकडायला फार कमी वेळाचे शटर लागते, म्हणून आम्ही मैद्याची परात क्षणभर पावसात धरली, तयार झालेल्या गोळ्या वाळू दिल्या, चाळणीने गाळल्या आणि पट्टीवर मांडून त्यांचा फोटो काढला. ही युक्ती माझी नव्हे. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील विल्सन बेंटली यांनी याच रीतीने थेंब मोजून 1904 साली त्यावर लेख लिहिला होता. मैद्याचा खर्च मात्र माझा झाला, आणि मुख्याध्यापकांनी परात कोणाची म्हणून चौकशी केली.

धुक्यातली_सखी
एडिनबरामध्ये वसंत म्हणजे दिवसभर रिपरिप. माझ्या दारात आल्केमिला नावाची एक बुटकी वनस्पती आहे. तिच्या पानांवर इतकी बारीक लव असते, की थेंब पानाला न चिकटता त्या लवेवर उचलून धरल्यासारखा राहतो आणि खालून पाऱ्यासारखा चमकतो. पहाटे पाऊस नसतानाही पानाच्या कडेवर ओळीने थेंब दिसतात. ते दव नसून पानाने स्वतः बाहेर टाकलेले पाणी असते, हे मला इथे आल्यावर कळले. जुने किमयागार हे थेंब गोळा करीत आणि त्यावरूनच तिचे नाव पडले, असे सांगतात. सासूबाई भेटीला आल्या होत्या, त्यांनी तिची भाजी होते का, एवढेच विचारले.

ओलीपायरी
मग होते का?

धुक्यातली_सखी
धीर झाला नाही.

रविवारचा_छायाचित्रकार
एक कबुली देतो. सोसायटीच्या स्पर्धेत माझ्या ‘वळवाचा पहिला थेंब’ या फोटोला पहिले बक्षीस मिळाले होते. तो थेंब ग्लिसरीन आणि पाणी यांचा होता, इंजेक्शनच्या सिरिंजने मी तो स्वयंपाकघरातील कढीपत्त्याच्या काडीवर ठेवला होता, आणि बाहेर कडक ऊन होते. ग्लिसरीनचा थेंब लवकर वाळत नाही, जागचा हलत नाही, हवा तितका वेळ मिळतो. बक्षिसाची छत्री अजून वापरतो आणि ती उघडताना दर वेळी थोडी लाज वाटते.

माळावरचा
छत्री आहे तर एकदा खऱ्या पावसात जाऊन भरपाई करावी. आणि पालवीताई, साखरपुड्याच्या त्या चार फोटोंचे काय झाले?

तांबूस_पालवी
तीन नीट आले. चौथ्यात मावशी नाहीच. गुलाबदाणीच्या तोंडाशी लोंबणारा एक थेंब आहे, तोही धूसर.