आल्प्स समोर होता, मग स्पार्टाकस मागं का फिरला?

धायरीची_ताई:
नमस्कार मंडळी, मी धायरीत राहते आणि दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी ते दहावीची पंधरा-सोळा पोरं जमवून इतिहासाच्या गोष्टी सांगते, क्लास नाही, फी नाही, नुसत्या गप्पा. गेले दोन रविवार स्पार्टाकस चालू आहे, म्हणजे रोमविरुद्ध गुलामांचं बंड उभारणारा ग्लॅडिएटर. इटलीतल्या कापुआ गावातली बाटिआटसची ग्लॅडिएटर शाळा, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी गुलामांना जिवावरच्या झुंजी शिकवायची जागा, तिथून इसवी सनपूर्व ७३ मध्ये सत्तर-एक जण स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया घेऊन पळाले, व्हेसुव्हियस डोंगरावर चढले, खाली रोमन सेनापती ग्लाबर ३ हजार माणसं घेऊन एकुलती एक वाट अडवून बसला, तर ह्यांनी रानद्राक्षाच्या वेलींच्या शिड्या विणल्या आणि कड्यावरून उतरून मागून छापा घातला. इथं एक पोरगा लगेच ओरडलाच, ताई, तानाजी कडा! आमच्या हॉलच्या खिडकीतून सिंहगड दिसतो ना. मी म्हटलं हो रे, फक्त आपले मावळे दोर लावून वर चढले आणि हे वेलींवरून खाली उतरले.

अडकले ते पुढं. इ.स.पू. ७२ मध्ये दोन्ही कॉन्सलच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, फौजा हरवून हा माणूस उत्तरेला मुटिनापर्यंत, म्हणजे आजच्या मोदेनापर्यंत पोचला, तिथल्या रोमन सुभेदार कॅसियसचाही पराभव केला, पुढं आल्प्स आणि आल्प्सपलीकडं सुटका. आणि तिथून तो परत दक्षिणेला वळला. नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, घरी जायला मिळत होतं तर गेला का नाही?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तिला थातूरमातूर काही सांगायचं नाहीये, म्हणून इथं विचारतेय.

जुन्या_बाजारातला_वाचक:
ताई, मुलीनं नेमकी जागा पकडली. प्लुटार्क या जुन्या ग्रीक लेखकाच्या मते स्पार्टाकसचा स्वतःचा विचार पक्का होता, आल्प्स ओलांडायचा आणि ज्यानं त्यानं आपापल्या मुलखात जायचं, कोणी थ्रेसला (आजच्या बल्गेरियाकडं), कोणी गॉलला (आजच्या फ्रान्सकडं). पण माणसं ऐकेनात, संख्या वाढलेली, लागोपाठ विजय मिळालेले, त्यांना इटलीतच लुटालूट करायची होती. अ‍ॅपियन हा दुसरा ग्रीक इतिहासकार वेगळंच सांगतो. तो म्हणतो १ लाख २० हजारांचं पायदळ घेऊन स्वारी थेट रोमवरच निघाली होती, चाल जलद व्हावी म्हणून जास्तीचं सामान जाळलं, कैदी मारले, ओझ्याची जनावरंसुद्धा मारली, आणि मग आपली अजून तेवढी तयारी नाही असं वाटून रोमचा नाद सोडला आणि दक्षिणेत थुरीच्या डोंगरांकडं गेले.

पण दोघंही दीड-दोन शतकांनंतरचे, आणि दोघंही रोमन राज्यात मानानं नांदणारे. बंडातल्या माणसांपैकी एकाचंही अक्षर आपल्यापर्यंत आलेलं नाही. म्हणून "माणसं लुटीला हपापली होती" हे वाक्य पोरांना सांगाल तेव्हा ते कोणाच्या तोंडचं आहे तेही सांगा, घरात गुलाम ठेवणाऱ्यांच्या जगातलं ते वाक्य आहे. आणि सिनेमात सगळे एकामागून एक उठून "मीच स्पार्टाकस" म्हणतात ते कुठल्याही जुन्या लेखकाकडं नाही, पोरं हमखास विचारतील.

ऐरण:
आमच्याकडं तीन पिढ्या लोहारकी, आजोबांची भट्टी हडपसरला होती, मी नोकरी करतो पण घण धरलाय लहानपणी. मला ह्या सगळ्यात एकच गोष्ट सोडत नाही. फ्लोरस नावाच्या रोमन लेखकानं लिहिलंय की ह्या लोकांनी काटक्या विणून त्यावर जनावरांचं कातडं चढवून ढाली केल्या, आणि गुलामांना कोंडायच्या जागांमधलं लोखंड पुन्हा तापवून त्याच्या तलवारी केल्या. म्हणजे बेड्या. आमच्याकडं मोडीत जुन्या साखळ्या यायच्या, त्या भट्टीत घातल्या की आधी नुसता भाता मारत बसायचं, कडी लाल होते, मग पिवळी, पार पांढरट झाली की सांडशीनं उचलून ऐरणीवर एकीवर एक ठेवून ठोकायच्या, जरा गार झाली की जोड धरत नाही, परत भट्टीत. एक पातं करायला अर्धा दिवस सहज जातो आणि हात खांद्यापासून भरून येतात. कालपर्यंत जी कडी आपल्याच घोट्यात होती ती असं अर्धा दिवस समोर धरून ठोकणारा माणूस मला दिसतो. त्याला नुसता लुटारू म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता ताईंचा प्रश्न. अ‍ॅपियनच सांगतो की स्पार्टाकस लुटीची वाटणी सगळ्यांत सारखी करायचा, छावणीत सोनं-चांदी आणायला व्यापाऱ्यांना बंदी होती, विकत घ्यायचं ते फक्त लोखंड आणि तांबं. मला वाटतं उत्तर इथंच आहे, जिथं वाटणी सारखी तिथं बोलायचा हक्कही सारखा येतो. तो कोणाचा राजा नव्हता, पगार देत नव्हता, पळून जाणाऱ्याला धरून आणायला त्याच्याकडं कोतवाल नव्हता. हुकूम ऐकायचं सोडूनच तर ती माणसं त्याच्याकडं आली होती, त्यांना "चला आल्प्स चढा" असं फर्मान तो कसं काढणार? तो त्यांच्यामागं फिरला असं मी म्हणेन.

कसबा_पेठ:
ऐरण दादा, तुमचं पटलं, पण ताई, पोरांपासून एक गोष्ट लपवू नका. ह्यांचा एक पुढारी क्रिक्सस वेगळा निघाला आणि गार्गानस डोंगरापाशी हजारो माणसांसकट मारला गेला. त्यानंतर अ‍ॅपियन म्हणतो स्पार्टाकसनं त्याच्या नावानं ३०० रोमन कैद्यांचा बळी दिला, फ्लोरस म्हणतो कैद्यांना चितेभोवती ग्लॅडिएटरसारखं एकमेकांशी लढायला लावलं. ज्या खेळातून तो पळाला तोच खेळ त्यानं मांडला. राग समजतो, तरी ते क्रूरच. आणि गुलामीची पद्धतच जगात नको असं त्याचं म्हणणं होतं असा पुरावा नाही. आपल्या पुण्यात जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तिथं प्रश्न पद्धतीचा आहे. स्पार्टाकसपुढं तो आपल्या माणसांच्या जिवाचा होता. दोन्ही मोठे, पण एकच नाहीत, आणि नववीच्या मुलांना हा फरक कळतो.

कात्रज_घाट:
एक छोटी भर, पोरांना आवडेल. एकदा वारिनियस या रोमन सेनापतीच्या फौजेनं छावणी वेढलेली असताना ह्यांनी दाराशी खांब रोवून त्याला मेलेली माणसं पहारेकऱ्यांसारखी बांधली, जागोजागी शेकोट्या पेटवल्या, एक शिंगवाला मागं ठेवला आणि रात्रीत सगळे गुपचूप निसटले. लहानपणी आजीनं सांगितलेली बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या घाटात सोडल्याची गोष्ट आठवली.

दिवाळीला_गावी:
मी मूळचा नांदेडकडचा, पुण्यात २२ वर्षं झाली. सगळ्यांनी छान लिहिलंय पण त्या मुलीच्या प्रश्नातला "घरी" हा शब्द कोणी धरलाच नाही. कोणाच्या घरी? स्पार्टाकसचं घर थ्रेसला, मान्य. पण व्हेसुव्हियसच्या आसपासचे गुराखी, धनगर येऊन मिळाले होते, शेतावर राबणारी स्वतंत्र पण कंगाल माणसंही मिळाली होती असं अ‍ॅपियनच लिहितो. त्यांचं आल्प्सपलीकडं कोण होतं? जो गुलामाच्याच पोटी इटलीत जन्मला त्यानं गॉल कधी बघितलंय, त्याला तिथली भाषा तरी येते का? आई-बाप जिथं राबले, मेले, तीच त्याची जमीन, फक्त मालकी दुसऱ्याची. मी दर दिवाळीला गावी जाताना बायकोला म्हणतो की आता कायमचं जाऊ, आणि भाऊबीज झाली की आम्ही परत स्वारगेटला उतरतो, पोरांना तर पुणं सोडून दुसरं गावच माहीत नाही. त्यामुळं डोंगराच्या पायथ्याशी पोचून हजारो माणसं थबकली असतील तर मला त्यात हावरटपणा दिसत नाही.

जुन्या_बाजारातला_वाचक:
दिवाळीला_गावी दादा, हे मी इतकी वर्षं वाचतोय पण असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

ताई, शेवटाकडं जाताना क्रासस, म्हणजे बंड मोडायला रोमनं पाठवलेला सेनापती, नीट सांगा. लढाईत आधी पळालेल्या आपल्याच ५०० सैनिकांच्या दहा-दहाच्या टोळ्या करून दर दहात एकाला चिठ्ठी काढून मारणारा, असा माणूस होता तो. किलिकियाच्या चाच्यांनी सिसिलीला नेतो म्हणून ऐवज घेतला आणि स्पार्टाकसला किनाऱ्यावर तसंच सोडून गेले. मग क्राससनं इटलीच्या टोकाला समुद्र ते समुद्र खंदक खणला, साधारण ५५ किलोमीटर, आपल्याकडून जेजुरीपेक्षा थोडं जास्तच. बर्फाच्या वादळी रात्री खंदकाचा एक तुकडा माती आणि फांद्यांनी भरून हे तेही ओलांडून गेले. शेवटच्या लढाईआधी, इ.स.पू. ७१, त्याला घोडा आणून दिला तर त्यानं तो तिथंच मारला, जिंकलो तर शत्रूचे घोडे भरपूर आहेत आणि हरलो तर घोडा लागणारच नाही. मग सरळ क्राससच्या रोखानं घुसला, दोन सेंच्युरियन (रोमन फौजेतले तुकडीनायक) पाडले, क्राससपर्यंत पोचता आलं नाही. प्रेत सापडलंच नाही. जिवंत धरलेल्या ६ हजार जणांना कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेनं क्रुसावर चढवलं. जवळपास २०० किलोमीटर, आपण पुण्याहून निघून पार कराडच्या पुढं जातो तेवढं अंतर, आणि दर ३०-३५ मीटरवर एक माणूस. हे सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसा, मुलांना बसू द्या.

धायरीची_ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या मुलीला मोबाईलवर हे सगळं वाचायला दिलं. दिवाळीला_गावी दादांची पोस्ट तिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, "आमचे पप्पा पण लातूरला जाऊ म्हणतात." पुढं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

३०० कैद्यांचंही येत्या रविवारी सांगणार आहे, कसबा_पेठ, तुमचं बरोबर आहे. आणि ऐरण दादा, त्या दिवशी सकाळी ९ ला धायरीला यायला जमेल का? जुन्या साखळीचा एखादा तुकडा आणि पातं असेल तर दोन्ही आणा, पोरांच्या हातात द्यायचंय.

ऐरण:
येतो ताई. आजोबांची सांडशी पण आणतो.