‘निरीक्षा’, ‘प्रतीक्षा’ की ‘सबुरी’?

खानापूरकर : प्रार्थनासभेच्या पत्रकासाठी यशयाचे वचन (४०:३१) मराठीत घ्यायचे आहे. कन्नड बायबलमध्ये तेथे ‘निरीक्षिसुववरु’ असा शब्द असल्याने, कन्नड माध्यमात शिकलेल्या माझ्या पुतण्याने ‘परमेश्वराचे निरीक्षण करणारे’ असे लिहिले. म्हणजे भक्तच देवाची तपासणी करायला निघाले! मराठी बायबलमध्ये ‘आशा धरून राहणारे’ आहे, परंतु मूळ हिब्रू क्रियापदात वाट पाहणेही आहे. दोन्ही अर्थ पेलणारा शब्द कोणता?

चिकोडीचे मास्तर : कन्नडमध्ये ‘निरीक्षे’ म्हणजे अपेक्षा, आशा. ‘प्रतीक्षा’ हा शब्दही त्याच ‘ईक्ष्’ धातूचा आहे, तेव्हा तोच घ्यावा.

निपाणीची सून : मास्तर, ‘प्रतीक्षा’ म्हटले की मला रेल्वेचे प्रतीक्षालय आठवते. आमच्या सासूबाई देवाच्या बाबतीत नेहमी ‘सबुरी’च म्हणत, आणि शिर्डीमुळे तो शब्द घरोघरी श्रद्धेच्या शेजारी बसलेला आहे.

शहापूर पेठ : ‘सबुरी’ अरबी ‘सब्र’वरून आली आहे. सीमाभागात मराठी टिकवायची म्हणून आपण एवढी वर्षे झगडतो आहोत, तर निदान प्रार्थनेत तरी ‘धैर्य’ लिहू या.

निपाणीची सून : मग दादा, देवाकडे ‘अर्ज’ही करू नका आणि त्याची ‘नजर’ही मागू नका, कारण ते दोन्ही शब्दही अरबीच आहेत. शिवाय ‘धैर्य’ म्हटले की लढाईच डोळ्यांसमोर येते. थांबून राहण्याला आपण ‘धीर धरणे’ म्हणतो.

चिकोडीचे मास्तर : ताईंचे म्हणणे मला पटते. याकोबाच्या पत्रात (५:७) शेतकरी पिकाची वाट पाहतो आणि पाऊस येईपर्यंत धीर धरतो. आपल्याकडे भाताची धूळवाफ पेरणी करणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण तो पावसाआधीच कोरड्या मातीत बी टाकतो. त्यानंतर हात जोडण्यावाचून त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. कन्नडमध्येही ‘ताळिदवनु बाळियानु’ म्हणतात, म्हणजे जो सोसतो तो जगतो.

वडगावचे वारकरी : आपण सर्वांनी ‘तिष्ठणे’ कसे विसरलात? संस्कृतात ‘तिष्ठति’ म्हणजे उभा राहतो. मराठीत त्याचेच ताटकळत वाट पाहणे झाले. आणि आमच्याकडे तर पुंडलिकाने आईवडिलांच्या सेवेसाठी देवालाच विटेवर तिष्ठत ठेवले. जो स्वतः युगे अठ्ठावीस थांबला आहे, त्याच्यावर विसंबून थांबणे मला तरी जड वाटत नाही.

शहापूर पेठ : माउली, भाव उत्तम आहे, परंतु ‘तिष्ठत ठेवणे’ हे कचेरीतले साहेब करतात, त्यात आशा कोठे आहे?

चिकोडीचे मास्तर : ‘ताटकळणे’वरून सुचले : त्याचा संबंध कन्नड ‘ताळु’, म्हणजे सोसणे, याच्याशी असावा असा माझा तर्क आहे.

शहापूर पेठ : मास्तर, मधला ‘टक’ कोठून आला ते आधी सांगा. प्रत्येक मराठी शब्द कानडीच्या दारात नेऊन बसवण्याची आपली ही सवय जुनीच आहे.

खानापूरकर : मंडळी, पत्रक शुक्रवारी छापायला द्यायचे आहे.

चिकोडीचे मास्तर : ‘टक’ नंतर पाहू, आधी ‘ळ’ मराठीत कोठून आला, ते आपण सांगावे.