गोल मॉडेल न काढता थेट युज केस लिहिणं बरोबर आहे का?

समिधा_बीए
बिझनेस सॉफ्टवेअर म्हटलं की बहुतेक टीम लगेच युज केस (वापरणारा आणि सिस्टीम यांच्यातल्या पायऱ्या) लिहायला बसतात, माझं स्पष्ट मत आहे की आधी गोल मॉडेल (कोणाला काय साधायचंय याची आकृती) हवं. युज केसमधून कोण काय करतो आणि सिस्टीम काय करते ते कळतं, पण हाच मार्ग का निवडला ते कळत नाही. उधारीवर माल विकणाऱ्या कंपनीची ऑर्डर सिस्टीम घ्या. सेल्सला ऑर्डर झटपट मंजूर व्हायला हवी, फायनान्सला उधारी बुडायला नको, दोघांचं जमणं कठीण. संशोधक एरिक यूच्या १९९५ च्या आय-स्टार या गोल मॉडेल पद्धतीत ही ओढाताण चित्रातच दिसते, कोण कोणावर अवलंबून आहे तेसुद्धा.

वाटसरू
असहमत. युज केसवर पुस्तक लिहिणाऱ्या ॲलिस्टर कॉकबर्नच्या पद्धतीत युज केस गोलवरच उभी असते, वर व्यवसायाचा गोल, मधे युजरचा, खाली बारीक पायऱ्या. स्टेकहोल्डर (ज्यांचा संबंध येतो ते) आणि त्यांचं हित लिहायलाही जागा आहे. मग वेगळं मॉडेल कशाला? ते मोठं झालं की क्लायंटला वाचता येत नाही, आणि दोन डॉक्युमेंट ठेवली की एक बदलतं, दुसरं तसंच राहतं.

समिधा_बीए
हित लिहिता येतं हो, पण निवड कुठे दिसते? उधारीची लिमिट ओलांडली तर ॲडव्हान्स घ्यायचा, की मॅनेजरची मंजुरी, की अर्धाच माल पाठवायचा, हे तीन पर्याय गोल मॉडेलमध्ये ऑर फांद्या (यातली एक निवडायची) म्हणून शेजारी शेजारी येतात आणि प्रत्येकाने 'झटपट' आणि 'सुरक्षित' यांना किती मदत होते, किती मार बसतो ते तिथेच लावता येतं. युज केसमध्ये मात्र जिंकलेला पर्याय तेवढा उरतो.

कोरी_पाटी
मला दोन्ही लागतात, कारण वेगळं आहे. कॅओस (KAOS) या गोल मॉडेलच्या पद्धतीत प्रत्येक गोलला विचारतात, हा कशाने अडेल? 'मंजुरी त्याच दिवशी मिळावी' हा गोल, मॅनेजर रजेवर हा अडथळा. त्यावरून युज केसला एक्स्टेंशन (अडचण आली तरचा वेगळा मार्ग) मिळतं: ठरलेल्या वेळेत उत्तर नाही आलं तर ऑर्डर दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल. नुसता मेन फ्लो (सगळं सुरळीत झालं तरच्या पायऱ्या) वाचून अशा गोष्टी नजरेतून सुटतात, आणि मग लाइव्ह गेल्यावर ऑर्डरी अडकून पडतात.

वाटसरू
अडथळ्याचं पटलं, पण हा प्रश्न युज केसच्या प्रत्येक स्टेपलाही विचारता येतो की! मुद्दा तोच, सहा महिन्यांनी ती आकृती जपणार कोण? मी म्हणतो वर्कशॉपमध्ये फळ्यावर काढा, गोलला नंबर द्या, नंबर युज केसच्या डोक्यावर लिहा आणि आकृती पुसून टाका.

समिधा_बीए
नंबर चालतील, पुसणं नाही चालणार. निदान नाकारलेले पर्याय कारणासकट ठेवा, नाहीतर फायनान्सला नवा हेड आला की 'ॲडव्हान्स का घेत नाही आपण?' विचारणार आणि उत्तर देणारं कुणी नसणार.