तारीख ठरली, पण लढत होणार का? अधूनमधून बॉक्सिंग बघणाऱ्यांचे अनुभव

मी बॉक्सिंगमधला दर्दी नाही. वर्षातून चार-पाच लढती बघतो आणि त्यातल्या एखाद्या लढतीत डुलकीही काढतो. पुढे कोण कोणाशी लढणार याच्या बातम्या मात्र अधाशासारख्या वाचतो. लढतीपेक्षा तिची वाट बघण्यातच मला जास्त रस आहे, असं बायको म्हणते. फारसं चुकत नाही तिचं.

ओलेक्सांडर उसिक आणि टायसन फ्युरी यांची हेवीवेट (सगळ्यात जड वजनगटातली) लढत जाहीर झाली तेव्हा मी कॅलेंडरवर १७ फेब्रुवारी २०२४ भोवती लाल पेनाने गोल काढला होता. लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदाच हेवीवेटमध्ये एकच निर्विवाद विजेता, म्हणजे सगळ्या मोठ्या संस्थांचे पट्टे एकाकडे, ठरणार होता. लढतीला दोन आठवडे राहिले असताना सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत १८ मेवर गेली. तोवर माझा उत्साह अर्धा ओसरला होता. पण नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर आपटत, झोकांड्या खात फिरला आणि रेफरीने मोजायला सुरुवात केली, तेव्हा मी पलंगावर उभा होतो. निकाल उसिकच्या बाजूने, दोनास एक. अशी मोजणी झाली की तो खेळाडू पडला असं धरून त्याचा एक गुण जादा जातो; ती झाली नसती तर एका पंचाच्या कागदावर बरोबरी दिसली असती आणि अख्खी लढतच अनिर्णित सुटली असती.

तेव्हापासून मी तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढतो.

तुमचं कसं आहे? नवी लढत जाहीर झाली की आधी काय बघता? कुठे फसलात? तज्ज्ञांनी जरा थांबावं, आधी आमच्यासारख्या हौशांना बोलू द्या.

*

बदली खेळाडू. इथेच फसलो.

जून २०१९ मध्ये हेवीवेट विजेता अँथनी जोशुआ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॅरेल मिलरशी लढणार होता. मिलर उत्तेजक चाचणीत सापडला आणि जेमतेम महिनाभर आधी अँडी रुईझचं नाव पुढे आलं. त्याचं पोट बघून मी भावाला म्हटलं, तीन फेऱ्यांत आटोपेल. तिसऱ्या फेरीत जोशुआने त्याला पाडलं तेव्हा मी "बघ, सांगितलं होतं ना" म्हणून मोकळाही झालो. त्याच फेरीत रुईझने जोशुआला दोनदा पाडलं आणि सातवीत आणखी दोनदा. खेळ खलास. भाऊ अजूनही मला "तीन फेऱ्या" याच नावाने हाक मारतो.

त्यानंतर प्रत्येक बदली खेळाडूत मला रुईझ दिसायला लागला, आणि ती दुसरी चूक झाली. जपानचा विजेता नाओया इनोउए २४ डिसेंबर २०२४ ला सॅम गुडमनशी लढणार होता. गुडमनच्या भुवईवर जखम झाली आणि लढत महिनाभर पुढे गेली. मग त्याच जागी पुन्हा जखम. शेवटी ऐनवेळी किम ये-जून उतरला. मी मोठ्या आशेने बसलो आणि चौथ्या फेरीत सगळं संपलं. आता बदली आला की मी त्याच्या पोटाकडे बघत नाही. सरावाला किती आठवडे मिळाले एवढंच विचारतो.

*

आमच्याकडे हा खेळ वहीत खेळला जातो.

बाबा आणि मी, दोघांच्या वेगळ्या वह्या. प्रत्येक फेरी संपली की एकमेकांना न दाखवता गुण लिहायचे. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ आणि कोणी खाली पडला तर बहुतेक वेळा ८. बारा फेऱ्यांनंतर बेरीज. मग भांडण.

कारण बाबांच्या मते जो पुढे सरकतो तो जिंकतो. मागे सरकत ठोसे चुकवणाऱ्याला ते "पळपुटा" म्हणतात. मी फक्त स्वच्छ लागलेले ठोसे मोजते. हातावर, खांद्यावर, ग्लव्हवर आदळलेले धरायचेच नाहीत. त्यामुळे एकाच लढतीत आमच्या दोघांच्या बेरजेत सहा-सहा गुणांचं अंतर पडतं.

आम्हाला वाटायचं की आपण अडाणी म्हणून असं होतं. मग सप्टेंबर २०१७ ची कॅनेलो-गोलोव्किन लढत बघितली. एका पंचाने गोलोव्किनला ११५-११३ असं पुढे ठेवलं, दुसऱ्याने ११४-११४ आणि तिसरीने कॅनेलोला ११८-११०! म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या कॅनेलोच्या. आमच्या दोन्ही वह्यांत गोलोव्किन पुढे होता. रिंगणाशेजारी बसलेल्या, हेच काम करणाऱ्या माणसांमध्ये दहा गुणांचा फरक पडतो, मग बाप-लेकीत सहाचा पडला तर काय बिघडलं? (आपल्या भाषेत लागतो तोही पंच आणि गुण देतो तोही पंच. बाबा म्हणतात, दुसरा जास्त जोरात लागतो.)

सगळ्यात जास्त भांडलो ते बेतेर्बिएव्ह-बिवोलवर. तीही लढत आधी लांबली होती, बेतेर्बिएव्हच्या गुडघ्यामुळे. तोवरच्या वीसही लढती त्याने नॉकआउटने जिंकलेल्या, म्हणून बाबांना वाटलं यावेळी वही लागणारच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण बारा फेऱ्या झाल्या आणि निकाल बेतेर्बिएव्हच्या बाजूने, एका पंचाची बरोबरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा बारा फेऱ्या, पुन्हा एकाची बरोबरी, पण या वेळी बिवोल जिंकला. दोन्ही वेळा बाबांचा बेतेर्बिएव्ह आणि माझा बिवोल. आम्ही दोघंही एकदा बरोबर, एकदा चूक.

करून बघायचं असेल तर एक सांगते, समालोचनाचा आवाज बंद ठेवा. समालोचकाला एखादा खेळाडू आवडला की त्याचा हवेत गेलेला ठोसाही आपल्याला लागलेला दिसतो.

*

मेवेदर-पॅकियाओ. २००९ च्या शेवटी बोलणी सुरू झाली आणि उत्तेजक चाचण्यांच्या अटींवरून फिसकटली. लढत झाली २ मे २०१५ ला. मेवेदर ३८ चा, पॅकियाओ ३६ चा. वरातीमागून घोडं. इतकी वर्षं मी वाट बघितली आणि सहाव्या फेरीपासून मोबाइल चाळत होतो. पॅकियाओचा खांदा दुखावलेला होता, हे दुसऱ्या दिवशी वाचलं.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत. चांगल्या लढती पिकेपर्यंत थांबत नाहीत, सडेपर्यंत थांबतात.

*

मी बॉक्सिंगकडे वळले ती चुकून.

१५ नोव्हेंबर २०२४ ला घरातले सगळे माइक टायसन आणि जेक पॉल बघायला बसले होते. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७ चा. तीही लढत मुळात जुलैत होती, पण टायसनच्या अल्सरमुळे पुढे ढकललेली. मला त्या दोघांत काडीचा रस नव्हता. त्यात प्रक्षेपण सारखं अडकत होतं, गोल फिरणारं चक्रच जास्त बघितलं.

पण त्याआधी केटी टेलर आणि अमांडा सेरानोची लढत होती. डोकी आपटून सेरानोच्या उजव्या डोळ्यावर भलीमोठी खोक पडली, चेहरा रक्ताने माखला आणि तरी ती पुढे पुढे येत राहिली. आठव्या फेरीत टेलरचा एक गुण कापला गेला. शेवटी तिन्ही पंचांनी ९५-९४ दिले, टेलरला. प्रेक्षक ओरडले, मीही ओरडले. टायसन रिंगणात आला तेव्हा मी आत जाऊन या दोघींची २०२२ ची पहिली लढत शोधत होते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत बायकांची असण्याची ती पहिली वेळ.

मला पडलेला प्रश्न असा की बायकांची लढत इतकी दाटीवाटीची का वाटते? फेरी दोनच मिनिटांची आणि फेऱ्या दहा, म्हणून. चाचपडायला वेळच नसतो. पुरुषांची पहिली फेरी बऱ्याचदा नुसतं एकमेकांना न्याहाळण्यात जाते, इथे घंटा वाजली की सुरू. पण सेरानोचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे. तिला पुरुषांसारख्याच तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या हव्यात. डॅनिला रामोसशी ती तशी लढली आणि डब्ल्यूबीसी ही विजेतेपदं देणारी संस्था तयार होईना तेव्हा तिने त्यांचा विजेतेपदाचा पट्टा सोडून दिला. प्रेक्षक म्हणून मला दोन मिनिटं आवडतात, पण पट्टा सोडणारीसमोर मी काय बोलणार?

जुलै २०२५ च्या तिसऱ्या लढतीला मी एकटीच जागी होते. टेलरच पुन्हा जिंकली. आता नवा कार्यक्रम जाहीर झाला की मुख्य लढतीचं पोस्टर सोडून मी खालच्या बारीक अक्षरातली नावं आधी वाचते.

*

पट्ट्यांचा हिशेब कोणाला जमतो का? चार मोठ्या संस्था, रूढ वजनगट सतरा, म्हणजे विजेतेपदंच अडुसष्ट. वर हंगामी, मानद, काय काय. मी एकदा तक्ता करायला घेतला. उसिक मे २०२४ मध्ये निर्विवाद विजेता झाला म्हणून चारही रकान्यांत त्याचं नाव लिहिलं. जूनच्या शेवटी त्याने आयबीएफ या संस्थेचा पट्टा सोडला, कारण त्यांचा पुढचा हक्काचा दावेदार डुबॉइस होता आणि उसिकला आधी फ्युरीशी पुन्हा लढायचं होतं. खोडलं. डुबॉइसचं नाव लिहिलं. जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीला उसिकने डुबॉइसला पाचव्या फेरीत झोपवलं. पुन्हा खोडलं. कागद फाटला.

तक्ता सोडून दिलाय. आता एवढंच विचारतो, या दोघांपेक्षा सरस तिसरा कोणी त्या वजनात आहे का? नसेल तर लढत मोठी. पट्टा कुठल्याही रंगाचा असू दे.

*

मला मजा येते वजनकाट्यात. आदल्या दिवशी दोघं काट्यावर उभे राहतात तेव्हा निम्मी लढत कळते, असं मी ताईला नेहमी सांगायचो. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले दिसले की समजायचं, हा वजन उतरवून दमलाय.

सप्टेंबर २०२५ ला क्रॉफर्ड १६८ पौंडांत कॅनेलोशी लढणार होता. त्याच्या आधीची त्याची लढत १५४ पौंडांतली. चौदा पौंडांचा फरक! मी ताईशी पैज लावली, क्रॉफर्ड दहावी फेरी बघणार नाही. हरलो तर महिनाभर भांडी. तो बाराही फेऱ्या लढला आणि तिन्ही पंचांच्या मते जिंकला. काट्यावर शरीराची रुंदी दिसते, पायांचा वेग कुठे दिसतो? ताईने शेवटच्या आठवड्यात मुद्दाम मोठी पातेली काढली.

*

थोडं वेगळं लिहितोय, धाग्याचा रंग बिघडला तर माफ करा.

मी कॉलेजात दोन वर्षं ग्लव्ह घातले. मोठं काही जिंकलो नाही. एकदा सरावात हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसला, पडलो नाही, पण पुढचे तीन दिवस जिना उतरताना पायऱ्या हलायच्या. प्रशिक्षकांना सांगितलं नाही, कारण त्यांनी थांबवलं असतं. त्यांना ते कळलंच आणि त्यांनी थांबवलंही. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या फ्युरी-वाइल्डर लढतीत सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे हार मानून लढत थांबवली. टाकला त्याचा प्रशिक्षक मार्क ब्रीलंडने. वाइल्डरला ते अजिबात पटलं नाही, त्याने नंतर ब्रीलंडला काढूनही टाकलं. त्या रात्री बघताना घरातली मुलं म्हणाली, "अरे, अजून लढला असता!" मी गप्प बसलो. माझे सर आठवत होते.

आज आपण बारा फेऱ्या बघतो. पूर्वी विजेतेपदाची लढत पंधराची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर फेऱ्या कमी झाल्या. जाहीर झालेल्या लढतींच्या यादीत मी आता सगळ्यात आधी वय बघतो. मग मागची लढत कशी संपली ते. नॉकआउट खाऊन चार-पाच महिन्यांत कोणी परत येत असेल तर मी ती लढत बघत नाही. उपदेश नाही करत, मला झेपत नाही इतकंच.

*

वरचे काका, धाग्याचा रंग काही बिघडला नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

माझी अडचण अगदीच किरकोळ. मला रात्री जागवत नाही, म्हणून सकाळी रेकॉर्डिंग बघते. फोन बंद, बातम्या बंद, मावसभावाला धमकी दिलेली. पण रेकॉर्डिंगची लांबीच चहाडी करते! बारा फेऱ्यांची ३६ मिनिटं आणि मधल्या विश्रांतीची ११, अशी ४७ मिनिटं धरायची. घंटा वाजली आणि खालच्या पट्टीवर पंचवीसच मिनिटं उरलेली दिसली की कळतं, कोणीतरी आडवा होणार. मग प्रत्येक ठोशाला मी डोळे बारीक करून बघते, हाच का तो?

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, पण पट्टा-तक्तावाल्यांचे विशेष. तो फाटलेला कागद माझ्याकडेही आहे.

काका, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. फ्युरीची लढत पुढे गेली तेव्हा मी त्याला बरीच नावं ठेवली होती, हे तिने लगेच आठवून दिलं. उघड्या जखमेने उतरला असता तर काय झालं असतं, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

रेकॉर्डिंगवाल्या ताईंसाठी उपाय करून पाहिला. पडद्याच्या खालच्या कडेला जाड कागदाची पट्टी चिकटवली, मिनिटांचे आकडे झाकले जातात. प्रयोगासाठी निकाल ठाऊक नसलेली एक जुनी लढत लावली. सगळं छान चाललं होतं. आठव्या फेरीत मुलगी येऊन विचारते, "बाबा, इथे कागद का लावलाय?" आणि ओढून काढला. तीन मिनिटं उरली होती.