मदत हवी आहे: मिठाच्या घुमटाशेजारचे थर वर का वळतात? मीठ ढकलतं, की थरच खाली बसतात?

भूशास्त्र स्वतःचं स्वतः शिकते आहे. गेले तीन आठवडे एका सरावाच्या छेदापाशी (जमीन उभी कापली तर आतले थर कसे दिसतील त्याचं चित्र) अडकले आहे, म्हणून हा धागा.

छेदात मधोमध मिठाचा खांब, म्हणजे हा घुमट, आहे, उंची साधारण ४ किमी. दोन्ही बाजूंना गाळाच्या खडकांचे नऊ थर आहेत. तळाच्या तीन थरांची जाडी सगळीकडे सारखी आहे. त्यावरचे थर मात्र खांबाकडे येताना पातळ होतात आणि शेवटच्या २०० मीटरांत इतके वळतात की जवळजवळ उभेच राहतात. दीड किलोमीटरवर तेच थर शांतपणे आडवे पडलेले आहेत.

मला समजलेलं कारण असं. मिठात छिद्रं जवळजवळ नसतात, म्हणून कितीही खोल गाडलं तरी त्याची घनता २.२ (ग्रॅम प्रति घन सेंमी) च्या आसपासच राहते. वरचा गाळ सुरुवातीला हलका असतो, पण दाबून दाबून त्याची घनता २.४-२.५ पर्यंत जाते. म्हणजे जड खडकाखाली हलकं मीठ अडकतं आणि ते वर घुसतं.

दोन गोष्टी मात्र यात बसत नाहीत. मीठ ४ किमी खडक फोडून वर आलं असेल, तर आधी त्या जागी असलेला खडक गेला कुठे? बाजूला रेटला गेला असता तर शेजारचे थर चुरगळलेले दिसायला हवेत. तसे ते नाहीत. आणि ढकलल्याने थर वाकेल हे पटतं, पण खांबाकडे इतका सावकाश पातळ कसा होईल?

शेवटी घरीच करून पाहिलं. काचेच्या टबात २ सेंमी सिलिकोनचा घट्ट पॉलिमर (घनता ०.९७) ओतला आणि त्यावर दीड सेंमी कोरडी रंगीत वाळू सपाट पसरली (घनता १.६ च्या आसपास). दोन दिवस ठेवलं. वाळू तसूभरही हलली नाही. हलकं खाली, जड वर, तरी काहीच का होत नाही?

खडकवेडा:
तुमचा प्रयोग फसलेला नाही, त्याने बरोबर उत्तर दिलं आहे. १९३४ मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ नेटलटनने मीठ आणि वरचे खडक, दोन्ही द्रव मानून घुमट समजावले. दोन द्रव असतील तर हलका वर येतोच. पण पृष्ठभागाजवळचे खडक द्रवासारखे वाहत नाहीत. त्यांना स्वतःची ताकद असते, ते तुटतात किंवा तसेच टिकतात. तुमची वाळूही तशीच. सपाट, अखंड छप्पर असेल तर खालचं मीठ नुसत्या हलकेपणाच्या जोरावर ते सहसा फोडू शकत नाही.

मीठ हलतं ते मुख्यतः वरचं ओझं असमान असल्यामुळे. ओल्या चिखलात पाय रोवला की चिखल बोटांच्या फटींतून वर येतो, तसं. त्रिभुज प्रदेशाचा गाळ एका बाजूला जास्त साचला की तिथलं मीठ कमी ओझ्याच्या बाजूला सरकतं. दुसरी वाट म्हणजे ताण. १९९२ मध्ये वेंडेव्हिल आणि जॅक्सन यांनी तुमच्यासारख्याच वाळू-सिलिकोनच्या प्रतिकृतींतून दाखवलं, की वरचे थर ताणले गेले की विभंग (ज्यांवरून खडक तुटून सरकतो अशा भेगा) पडतात, मधला पट्टा खचतो, छप्पर पातळ होतं आणि तेवढ्या जागेत मीठ वर येतं. आधी वाट तयार होते, मग मीठ येतं.

टबाची एक भिंत सरकती करा आणि अगदी हळू ओढा.

गाळाचा_थर:
जागेच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. तो ४ किमी खडक तिथे कधी नव्हताच.

एकदा मिठाचा माथा समुद्रतळापर्यंत पोचला की तो तिथेच राहतो. आजूबाजूला गाळ साचत जातो, त्या वजनाने खोलगट भाग खाली बसतात, तिथलं मीठ पिळून खांबात येतं. मिठाचा उगमथर खाली खाली जातो आणि माथा पृष्ठभागाजवळच टिकतो. खांब उंच होतो तो असा. बार्टनने ही कल्पना १९३३ मध्येच मांडली होती, पण द्रवांच्या चित्रापुढे ती बरीच वर्षं मागे पडली. मला याची फार हळहळ वाटते, कारण पुस्तकांत आजही पिस्टनसारखं वर घुसणारं मीठच आधी भेटतं.

आता वळणं. खांबाला लागून वळलेला अरुंद पट्टा आणि लांबवरचा रुंद खोलगा यांची कारणं वेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नका. अरुंद पट्टा असा बनतो: माथ्यावर गाळाचा पातळ थर बसतो, मीठ थोडं वर येतं, थर उचलला जाऊन बाजूला झुकतो, कधी त्याचे तुकडे घसरून शेजारच्या गाळात पडतात. मग पुढचा थर त्या वळलेल्या, झिजलेल्या कडेवर तिरपा येऊन बसतो. असं पुन्हा पुन्हा होतं. मेक्सिकोतल्या ला पोपा खोऱ्यात जाइल्स आणि लॉटन यांनी उघड्यावरचे असे थर अभ्यासून २००२ मध्ये हे नीट मांडलं. मीठ गाळापेक्षा भरभर वर येत असेल तर वळण तीव्र आणि साधारण ५० ते २०० मीटरांत आटोपतं. गाळ भरभर साचत असेल तर पट्टा ३०० ते १००० मीटर रुंद आणि वळण सौम्य. तुमचे २०० मीटर पहिल्या प्रकाराकडे झुकतात.

रुंद खोलगा तयार होतो खालचं मीठ निघून गेल्यामुळे. १९६० मध्ये ट्रुसहाइमने उत्तर जर्मनीतल्या घुमटांवरून याचे टप्पे दाखवले. आधी मिठाची रुंद उशी फुगते, तेव्हा जाड गाळ लांब साचतो. मग उशी रिकामी होऊन खांब उभा राहतो आणि जाड गाळ खांबाच्या जवळ सरकतो.

म्हणून जाडी मोजा. प्रत्येक थराची, खांबाजवळ, ५०० मीटरवर, १ किमीवर, २ किमीवर. सारखी जाडी असून वाकलेला थर मीठ हलण्याआधीचा. खांबाकडे पातळ होणारा थर मीठ हलत असतानाचा. आणि तळाच्या तीन थरांत खांबाच्या बुडाशी विभंग दिसतात का, तेही पाहा.

तिरपा_विभंग:
वरचं सगळं मान्य, फक्त ढकलणं अगदीच मोडीत काढू नका. छप्पर पुरेसं पातळ झालं की मीठ ते खरोखर उचलतं, माथ्यावर खचदरी (दोन विभंगांमधली खचलेली पट्टी) पडते, किरणांसारखे विभंग फुटतात. आणि बाजूने दाब आला तर चित्रच बदलतं. इराणच्या झाग्रोस पर्वतात होर्मुझ नावाच्या जुन्या थरातलं मीठ घड्यांच्या रेट्याने पिळून बाहेर पडलं आहे आणि काही ठिकाणी हिमनदीसारखं उतारावरून वाहतं. १९०१ मध्ये टेक्सासच्या स्पिंडलटॉपला तेलाचं कारंजं उडालं, तेही मिठाच्या घुमटावरच. मीठ तेलाला वाट देत नाही, म्हणून वर वळलेल्या थरांत तेल मिठाला टेकून अडकतं. या वळणांमागे इतके लोक लागण्याचं एक मोठं कारण ते आहे.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. टबात एक फळी उभी करून ती दर अर्ध्या तासाला २ मिमी ओढली. दुसऱ्या तासाला वाळूवर समोरासमोर दोन रेषा उमटल्या आणि मधली पट्टी खाली बसली. ४ सेंमी ओढून झाल्यावर अख्खी वाळू हळूच ओली केली आणि पातळ पात्याने कापली. खचलेल्या पट्टीच्या बरोबर खाली सिलिकोनचा टोकदार त्रिकोण वर आलेला होता. लाल वाळूचा थर त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखा तुटलेला. त्या कापाकडे मी किती वेळ बघत बसले असेन!

छेदही पुन्हा मोजला. तळाच्या तीन थरांत खांबाच्या बुडाशी दोन लहान विभंग आहेत, दोन्ही मिठाकडे झुकलेले. आधी मी ते रेखाटनातली चूक समजून सोडून दिले होते. चौथ्या आणि पाचव्या थराची सर्वांत जाड जागा २ किमीवर आहे, सहाव्याची ५०० मीटरवर. म्हणजे पाचवा थर साचेपर्यंत मिठाची उशी होती आणि सहाव्याच्या वेळी खांब उभा राहिला, असं लिहिते आहे. कुठे चुकत असेल तर कृपया सांगा.

गाळाचा_थर:
बरोबर आहे. फक्त सहावा थर पाचव्यावर तिरपा बसला आहे का, तेवढं खांबाजवळ तपासा. बसला असेल तर तुमचं उत्तर आणखी पक्कं.