फ्लोटखाली एकच गाठ सगळीकडे नको

स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट मासा) आणि सॅमन गळाने धरण्यासाठी फ्लोट (दोरीला लावायचा तरंगता गोळा) लावताना सगळीकडे क्लिंच गाठच (दोरीचं टोक दोरीभोवतीच गुंडाळून मारायची गाठ) मारली तर चालेल का, असं विचारलंय. मोनो, म्हणजे एकाच तंतूच्या, दोरीला चालेल. ब्रेड, म्हणजे अनेक धागे विणलेली दोरी, गुळगुळीत असते, तिच्यात ही गाठ सरकते. तिथे मी पालोमर गाठच (दोरी दुहेरी करून मारायची) मारतो. गळाला मात्र एग लूपच हवी! दोरी गळाच्या दांड्यावर गुंडाळलेली असते, नेढ्यापाशी फास उघडतो, त्यात माशाच्या अंड्यांचा पुंजका ठेवून ओढलं की वाहत्या पाण्यातही तो धरून राहतो. फ्लोरोकार्बन दोरीची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कराच. कोरडी ओढली तर घर्षणाने तापते, दोरी कुरळी होते आणि मोठा मासा लागला की तिथेच तुटते. आणि हो, लीडर, म्हणजे गळाला बांधलेला दोरीचा शेवटचा तुकडा, मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचा घ्या. खडकात अडकलं तर गळ जाईल, फ्लोट वाचेल.