टॅक्रोलिमसचं जेल पहिल्याच दिवशी रिकामं होतंय, मदत हवी आहे

पुण्यात एम. फार्म. करतेय. प्रत्यारोपित अवयवापाशी टोचायचं, टॅक्रोलिमस (शरीराने तो अवयव नाकारू नये म्हणून देतात ते औषध) हळूहळू सोडणारं ट्रायग्लिसरॉल मोनोस्टिअरेटचं जेल बनवतेय. 2014 मध्ये उंदरांच्या प्रत्यारोपित पायांना अशाच जेलचं एकच इंजेक्शन 100 दिवसांहून जास्त पुरलं होतं, म्हणून यात जीव अडकलाय.

जेल छान बसतं, कुपी उलटी केली तरी हलत नाही. पण जेल फोडणारं एन्झाइम न घालताही पहिल्या दिवशी निम्मं औषध बाहेर! चाचणीची मांडणी: डायलिसिस पिशवी, बाहेर पीएच 7.4 चं पीबीएस (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण), 37 अंश, 0.5 टक्के ट्वीन 80 (औषध विरघळलेलं राहावं म्हणून घातलेला साबणासारखा पदार्थ). जेल बनवणाऱ्या मोनोस्टिअरेटचं प्रमाण वाढवलं, औषध कमी केलं, फरक शून्य. हाताशी एचपीएलसी (औषधाचं प्रमाण मोजायचं यंत्र) आहे, प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी नाही.

ट्वीनच जेल फोडतंय असा संशय आहे. पण ते काढलं, तर पाण्यात जेमतेम विरघळणारं टॅक्रोलिमस बाहेरच्या द्रावणात धरून ठेवायला काय वापरू?